सर्दीची गोळी कोणासाठी तपासली?

पौषातल्या पहाटे भवानीनगरच्या परिसरात दोन जगे एकाच वेळी जागी होतात. एक जग पक्क्या घरांचे. तेथे फडताळात च्यवनप्राशची बरणी असते, शेजारी पाण्यात टाकली की फसफसणारी नारिंगी गोळी असते आणि शाळेला निघालेल्या मुलाच्या तोंडात 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' एखादा गोड तुकडा कोंबला जातो. दुसरे जग नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या फडातले. पारा दहा अंशांखाली उतरलेला, पाचट दवाने चिंब भिजलेले, आणि त्या ओल्या पाचटात उभे राहून बीड, जालना, पाथर्डीकडून आलेली माणसे कोयता चालवीत असतात. दोन्ही जगांत नाके वाहतात. सर्दी गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हटले जाते ते एवढ्यापुरते खरे आहे. पण हे अर्धसत्य होय. विषाणू वर्ग पाहत नसेल. सर्दीची किंमत मात्र वर्ग पाहूनच आकारली जाते.

पगारी माणसाला सर्दी झाली तर तो किरकोळ रजा टाकतो. ऊसतोड्याला किरकोळ रजा नावाची वस्तू ठाऊक नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाल्यावर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. त्या दराने एका कोयत्याने दिवसाकाठी दीड ते दोन टन ऊस तोडला तर साडेपाचशे ते सातशे तीस रुपये पदरी पडतात. दोघांपैकी एक तापाने खोपीत पडला की तो दिवस बुडतो. बुडतो एवढेच नव्हे, तर अनेक ठिकाणी खाडा म्हणून मुकादम वर दंडही उचलीच्या हिशेबात मांडतो. ज्या आजाराला वैद्यकशास्त्र 'किरकोळ' म्हणते, तो मजुरीवर जगणाऱ्याच्या घरात किरकोळ राहत नाही. तो कर्ज होतो. म्हणूनच 'अमुक गोळी घेतल्याने सर्दी टळते काय?' हा प्रश्न केवळ औषधविक्रेत्यांचा नाही. तो श्रमिकांच्या चळवळीचाही प्रश्न आहे.

दावा आणि पुरावा

या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने मिळत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. सर्दी कोणत्याही उपायाने, किंबहुना कोणत्याही उपायाविना, आठवड्याभरात बरी होते. ज्या वर्षी माणूस सर्दीने फार हैराण होतो, त्याच वर्षी तो उपाय शोधू लागतो. पुढील वर्ष स्वाभाविकपणेच बरे जाते आणि श्रेय उपायाला मिळते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली सर्दीच्या लसींची परीक्षा केली, तेव्हा हेच उघड झाले. लस टोचलेल्या विद्यार्थ्यांची सर्दी मागील वर्षापेक्षा निम्म्याहून अधिक घटली. यश डोळे दिपवणारे होते. परंतु ज्यांना लस म्हणून निव्वळ निरुपद्रवी द्रव टोचला होता, त्यांचीही सर्दी निम्म्याहून अधिक घटली होती! तो दुसरा गट नसता तर ती लस घरोघरी खपली असती आणि प्रत्येक घरात तिचा एक साक्षीदार निर्माण झाला असता.

याच विद्यापीठात १९४२ साली जीवनसत्त्वांची तपासणी झाली आणि सर्दी टाळण्याच्या कामी त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. तो विषय तेथेच मिटायचा. पण १९७० साली लायनस पॉलिंग यांनी एक पुस्तक लिहिले आणि रोज मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व घेतल्यास सर्दी टळते, असे जगाला सांगितले. पॉलिंग हे ऐरेगैरे गृहस्थ नव्हते. १९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांचे, आणि अणुचाचण्यांविरुद्ध उभे राहिल्याबद्दल १९६२ चे शांततेचे नोबेलही त्यांचेच. अमेरिकेतील सत्ताधाऱ्यांनी त्यांना कम्युनिस्ट ठरवून त्यांचा पासपोर्ट अडवला होता. समाजवाद्यांना त्यांच्याविषयी आदर वाटावा, असेच हे आयुष्य. परंतु जो आपला, त्याचा दावा तपासायचा नाही, हा न्याय पोथीनिष्ठांचा आहे. पॉलिंग यांची नैतिक उंची त्यांच्या गोळीचे वजन वाढवू शकत नाही.

दावा तपासला गेला. टोरांटो येथे अँडरसन यांनी १९७२ साली आठशेहून अधिक माणसांवर दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून चाचणी केली. सर्दीची संख्या जवळपास तेवढीच राहिली. मात्र घरी पडून राहण्याचे दिवस सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पुढील मोठ्या चाचण्यांत हा लाभही आक्रसत गेला. १९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील कर्मचाऱ्यांवरील चाचणीत तर एक मौजेची गोष्ट घडली. खोट्या कॅप्सुलीत दुधातली साखर भरली होती. कुतूहलाने अनेकांनी कॅप्सूल फोडून चाखली आणि आंबट कोण, गोड कोण हे ओळखले. पुढे हिशेब मांडला तेव्हा सर्दी सौम्य झाल्याचा अनुभव मुख्यतः त्यांचाच निघाला, ज्यांना आपण काय घेतो आहोत याचा सुगावा लागला होता. उपचाराची अर्धी शक्ती ठाऊक असण्यात असते, हे त्या शास्त्रज्ञांना स्वतःच्याच कर्मचाऱ्यांनी शिकवले.

२०१३ साली हेमिला व चॉकर यांनी कॉक्रेनच्या आढाव्यात हे सारे एकत्र केले. २९ चाचण्या, ११,३०६ माणसे. सर्वसामान्य लोकांत रोज क जीवनसत्त्व घेऊनही सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही. झालेली सर्दी प्रौढांत ८ टक्क्यांनी व मुलांत १४ टक्क्यांनी लवकर आटोपते. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांची होते, आणि त्या अर्ध्या दिवसासाठी वर्षभर रोज गोळी गिळावी लागते. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा तर एकसारखा परिणाम दिसलाच नाही. जस्ताचीही गत फारशी निराळी नाही. २०२४ च्या आढाव्यानुसार सर्दी टाळण्यात त्याचा लाभ नगण्य. ड जीवनसत्त्वाबद्दल २०१७ मध्ये आशा वाटत होती. २०२५ पर्यंत ६४ हजारांवर माणसांची माहिती जमल्यावर ती आशा विरली. लसणाच्या बाजूने बोलणारी एकच छोटी चाचणी आहे, आणि एका साक्षीवर निकाल देता येत नाही.

फडताळातल्या त्या बरण्यांविषयीचा निकाल एवढाच आहे. येथे हा लेख संपला असता, तर तो ग्राहकहिताचा एक सुबोध लेख झाला असता. परंतु त्याच आढाव्यात एक अपवाद आहे आणि त्या अपवादातच खरे राजकारण दडलेले आहे.

अपवाद कोणाचा?

त्या २९ चाचण्यांपैकी पाच निराळ्या होत्या. त्यांतील ५९८ माणसे थोड्या काळासाठी अतोनात शारीरिक कष्टांत किंवा कडाक्याच्या थंडीत होती. त्यांच्यात क जीवनसत्त्वाने सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आणले. १९६१ साली रिट्झेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर घसरण्याच्या शिबिराला गेलेल्या २७९ मुलांना पाहिले. खरी गोळी घेणाऱ्या १३९ जणांत १७ सर्द्या, खोटी घेणाऱ्या १४० जणांत ३१. १९७४ साली कॅनडाच्या उत्तरेकडील थंडीत कवायत करणाऱ्या ११२ सैनिकांत ५६ पैकी ६ विरुद्ध ५६ पैकी १४. १९९३ साली दक्षिण आफ्रिकेत नव्वदेक किलोमीटरची शर्यत धावणाऱ्यांत, शर्यतीनंतर सर्दी-घसा धरल्याचे खोट्या गोळीच्या गटातील ६८ टक्के, तर खऱ्या गोळीच्या गटातील ३३ टक्के लोकांनी सांगितले. उरलेल्या दोन चाचण्याही धावपटूंच्याच.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी. सुट्टीत बर्फावर खेळायला गेलेली मुले. सैनिक. हौसेने नव्वद किलोमीटर धावणारे. विज्ञानाला 'अतोनात कष्ट' या शब्दांचा अर्थ शोधायचा होता, तेव्हा तो क्रीडांगणावर आणि छावणीत सापडला. शेतात सापडला नाही. पहाटे चारला उठून, दिवसभर वाकून, डोक्यावर मोळ्या वाहून, गाडी भरून रात्री खोपीत परतणारी बाई या शास्त्राच्या हिशेबी कष्टाळू ठरलेली नाही. धावपटू एक दिवस धावतो आणि पदक घेऊन विश्रांती घेतो. ती कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत धावते.

हे कोणा शास्त्रज्ञाच्या दुष्टपणामुळे घडले, असे नव्हे. अर्थशास्त्राचा नियम येथे निमूटपणे आपले काम करतो. प्रश्न विचारायलाही भांडवल लागते, आणि भांडवल त्याच प्रश्नात गुंतते ज्याच्या उत्तराला गिऱ्हाईक असते. धावपटू हा गोळीचा गिऱ्हाईक आहे, सैनिकाच्या मागे सरकारी तिजोरी आहे. ऊसतोड्याच्या मागे फक्त उचल आहे. शिवाय क जीवनसत्त्वावर आज कोणाचे पेटंट नाही. ज्यात मक्तेदारी नाही त्यात संशोधनाचा रस नाही. जेथे मक्तेदारी नैसर्गिकरीत्या मिळाली नाही, तेथे ती कट करून उभारण्यात मात्र रस होता: १९९० च्या दशकात रोश, बीएएसएफ आदी बड्या उत्पादकांनी संगनमताने जीवनसत्त्वांचे भाव ठरवले, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये युरोपीय आयोगाने आठ कंपन्यांना ८५.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. भाव ठरवण्यासाठी ज्यांना गुप्त बैठकांना वेळ होता, त्यांना ही वस्तू नेमकी कोणाच्या उपयोगाची, हे पाहायला सवड नव्हती.

भीतीचा बाजार

बाजाराने प्रश्न विचारला नाही. मग शासनाने तरी विचारला काय? २०२० च्या साथीत संधी दारापर्यंत चालत आली होती. राज्याच्या ग्रामविकास खात्याने वित्त आयोगाच्या निधीवरील व्याजातून ग्रामीण भागातील कोट्यवधी लोकांना 'आर्सेनिक अल्बम ३०' या होमिओपथिक गोळ्या वाटायचे ठरवले. या गोळीच्या बाजूने पुरावा नव्हता हे सोडून देऊ. पुरावा गोळा करण्याचीही इच्छा नव्हती हे अधिक गंभीर आहे. इतक्या मोठ्या वाटपात अर्ध्या गावांना चिठ्ठ्या टाकून आधी आणि अर्ध्यांना महिन्याने नंतर गोळी दिली असती, तर जादा खर्चावाचून उत्तर मिळाले असते. पण उत्तर नकोच होते. वाटप केल्याचे समाधान हवे होते.

त्याच वर्षी २३ जूनला हरिद्वारात 'कोरोनिल'ची घोषणा झाली. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवण्यास सांगितले. परवाना मागताना कोरोनाचा उल्लेखच नव्हता, परवाना ताप-खोकला व प्रतिकारशक्ती यांपुरता दिला होता, असा खुलासा उत्तराखंडच्या खात्याने केला. महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी राज्यात विक्री होऊ देणार नसल्याचे बजावले. पुढे २०२४ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल पतंजलीला सर्वोच्च न्यायालयासमोर माफी मागावी लागली. एका कंपनीच्या माफीने व्यवहार मात्र बदलत नाही. २०१६ च्या नियमांनुसार आरोग्यपूरकांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते. ते छापले जाते, बारीक अक्षरांत. मोठ्या अक्षरांत असते 'प्रतिकारशक्ती'. हा शब्द धूर्तपणे निवडलेला आहे. 'सर्दी टळेल' असे म्हटले तर मोजता येते. 'प्रतिकारशक्ती वाढेल' असे म्हटले तर काय मोजणार? जे मोजता येत नाही ते खोटे ठरवता येत नाही, आणि जे खोटे ठरवता येत नाही ते निर्धास्त विकता येते.

आजीच्या काढ्याशी येथे भांडण नाही. सुंठ, तुळस, गुळाचा गरम घोट घशाला सुख देतो आणि तो देणारी त्याचे पैसे घेत नाही. काढा बाटलीत शिरून त्यावर किंमत चिकटली की पुराव्याची जबाबदारीही चिकटते, एवढेच म्हणणे आहे.

काय करता येईल

भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे, आणि अवतीभवती बारामती-इंदापुरात असे आणखी कारखाने आहेत. हंगामात त्यांच्या कार्यक्षेत्रांत हजारो तोडकरी जमतात. टोळ्यांच्या याद्या असतात, रोजच्या तोडणीच्या पावत्या असतात, खाड्यांच्या नोंदी असतात. चाचणी उभारणाऱ्याला जे इतरत्र लाखो रुपये खर्चून निर्माण करावे लागते, ते येथे हिशेबाच्या वहीत आधीच आहे. उणीव आहे ती विचारण्याची.

रोज एक ग्रॅमची मात्रा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. किरकोळ बाजारात गोळी दीड-दोन रुपयांच्या आसपास मिळते. शंभर दिवसांच्या हंगामात एका कोयत्याला सहाशे ते आठशे रुपये लागतील. हा आकडा एका कोयत्याच्या सुमारे एका दिवसाच्या मजुरीएवढा आहे. म्हणजे कसोटी सरळ आहे: शंभर दिवसांत एकाहून अधिक दिवस वाचला तर गोळी परवडली; न वाचला तर ती उधळपट्टी. हजार कोयत्यांच्या गोळ्यांचा खर्च आठ लाखांच्या आत बसतो. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि तेवढेच शासनाकडून, अशी तरतूद केलेली आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे हे दोन कोटी होतात. पैसा नाही, ही सबब चालणार नाही.

चाचणी मात्र धडपणे झाली पाहिजे. चिठ्ठ्या माणसामाणसाला टाकून चालणार नाही. एका खोपीत दोन प्रकारच्या गोळ्या गेल्या की त्या मुलाबाळांत वाटल्या जाणार. म्हणून चिठ्ठ्या टोळीवार टाकाव्यात. खोटी गोळीही आंबटच असावी, नाही तर अमेरिकेतील कर्मचाऱ्यांची गोष्ट फडात पुन्हा घडेल. गोळ्या कोणा कंपनीने देणगी म्हणून देऊ नयेत; पुणे जिल्ह्यातच १९५४ साली उभा राहिलेला पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना आहे, त्याच्याकडे मागणी नोंदवावी. सर्दीची नोंद खाड्याच्या वहीवर विसंबून नको, कारण ती वही मुकादमाची. आशा कार्यकर्तीने खोपीवर जाऊन वेगळी नोंद करावी. तिसऱ्या गटाला गोळीऐवजी रोज एक पेरू द्यावा. इंदापूर तालुक्यात पेरूच्या बागा आहेत, आणि १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते. पुरुषाची दिवसाची शिफारस ८० मिलिग्रॅमची आहे. पेरू लपवून देता येत नाही, म्हणून त्या गटाचा निकाल कमी भरवशाचा राहील. पण पेरू फुकट गेला असे कोणी म्हणणार नाही.

धोकाही झाकून ठेवता कामा नये. स्वीडनमधील पुरुषांच्या २०१३ सालच्या पाहणीत मोठ्या मात्रेच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्या माणसांत ही भीती अधिक. तेव्हा मूतखड्याचा पूर्वेतिहास असणाऱ्याला वगळावे आणि फडावर पिण्याचे पाणी पुरवणे ही चाचणीची पहिली अट असावी. संमती मुकादमाकडून नव्हे, प्रत्येक स्त्रीपुरुषाकडून स्वतंत्र घ्यावी. नकार देणाऱ्याच्या उचलीवर वा कामावर त्याचा परिणाम होऊ नये. चाचणी आरंभापूर्वी देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदवावी, म्हणजे निकाल गैरसोयीचा निघाला तर तो दडपता येणार नाही.

दोन आक्षेप

डावीकडून आक्षेप येईल की ही गोळी म्हणजे मलमपट्टी होय. गोळी वाटून कारखानदार घर, पाणी, पगारी आजारी रजा या मागण्यांतून मोकळे होतील. भीती रास्त आहे. परंतु जो लाभ सैनिकाला आणि धावपटूला मिळू शकतो, तो मजुराला मिळतो की नाही हे जाणूनच घ्यायचे नाही, हा क्रांतिकारक बाणा नव्हे. ती श्रमिकाच्या देहाविषयीची बेपर्वाई आहे. उलट, चाचणीतून पहिल्यांदाच एक आकडा हाती येईल: एका हंगामात सर्दी-तापाने एका कोयत्याचे किती दिवस बुडतात. गोळी नापास झाली तरी तो आकडा उरेल, आणि आजारी रजेच्या मागणीला त्याहून बळकट आधार कोणता?

उजवीकडून आक्षेप येईल की अडाणी मजुरांवर प्रयोग कशाला? हा कळवळा ऐकून हसू येते. प्रयोग आजही चालूच आहे. थंडीत उघड्यावर ठेवून, खाड्याचा दंड लावून, माणूस किती दिवस टिकतो याचा प्रयोग दरवर्षी होतो. त्यात फक्त संमती नाही, नोंद नाही आणि निकाल जाहीर होत नाही.

पाच चाचण्यांतील ५९८ माणसे हा पुरावा तोकडा आहे. बर्फातले सत्य भवानीनगरच्या फडात टिकेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. उत्तर 'नाही' असेही येईल. तसे आले तर ते मोठ्याने फडावर वाचून दाखवावे, म्हणजे पुढील हंगामात मजुराच्या पिशवीत हात घालायला येणाऱ्या विक्रेत्याला तोंडावर सांगता येईल की, आम्ही तपासले आहे. उत्तर 'होय' आले तर गोळी किंवा पेरू हे दान राहणार नाही. ते तोडणीच्या करारातील एक कलम होईल. दोन्ही उत्तरांत श्रमिकाचा लाभ आहे. तोटा आहे तो प्रश्न न विचारण्यात, आणि तो तोटा आजवर एकाच वर्गाने सोसला आहे. येत्या गळिताचा भोंगा वाजण्यापूर्वी तोडणी कामगारांच्या संघटनांनी ही मागणी दराच्या मागणीशेजारी लिहावी.